संमतीचं वय सोळा झालेलं नाही

‘नव्या कायद्यात मुलीच्या संमतीचं वय 16 झालं, आता पालकांना तक्रार करता येणार नाही,’ हा मेसेज दहावी-बारावीच्या पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. संमतीचं वय म्हणजे लैंगिक संबंधांना दिलेली संमती कायदा ज्या वयापासून मानतो ते वय.

सोळा हे वय जुन्या कायद्यात, म्हणजे भारतीय दंड संहितेत होतं. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्याने ते 18 झालं आणि दंड संहितेच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही 18च आहे. विधी आयोगाने 2023 मध्ये वय कमी करू नका, असंच सांगितलं. सोळा ते अठरामधल्या प्रकरणांत शिक्षा देताना न्यायाधीशांना तारतम्य वापरता यावं, एवढी त्यांची शिफारस होती.

पण म्हणून वर्गातल्या मुलाचं नाव कळताच ‘पॉक्सो लावतो’ अशी धमकी देणंही बरोबर नाही. वहीच्या शेवटच्या पानावर दोन नावं लिहिली, क्लास सुटल्यावर सायकली हातात धरून दोघं कोपऱ्यापर्यंत चालत आली, हा गुन्हा नव्हे. गुन्हा लैंगिक वर्तनाचा असतो. तिथे मात्र ‘तिची मर्जी होती’ हा बचाव चालत नाही. मुलगाही अठराच्या आतला असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं.

आणि ज्याबद्दल कुणीच मेसेज पाठवत नाही ते: ‘बदनामी नको’ म्हणून शाळा सोडवून मुलीचं घाईघाईने लग्न लावणं. ती अठराच्या आत असेल तर 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने लग्न लावणाऱ्या पालकांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी (स्त्रियांना कैद होत नाही) आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. असं लग्न ठरत असल्याचं कळलं तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मुलगी स्वतःही करू शकते.