ताण हे निमित्त, मूळ विषाणूत

‘थकवा आणि ताणामुळे ओठांवर फोड येतात, विश्रांती घेतली की जातात’ हे ओठांवरच्या फोडांविषयीच्या तुमच्या लेखातलं वाक्य अर्धवट आहे. फोड येतात ते हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूमुळे. एकदा शिरला की तो चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत जन्मभर दडून बसतो आणि जागरण, ताप, ताण, कडक ऊन असं निमित्त मिळालं की डोकं वर काढतो. माझी बहीण ऐरोलीत रात्रपाळी करते. महिनाअखेरीला काम अंगावर आलं की तिच्या ओठाच्या कडेला आधी चुरचुरतं, मग तिथेच बारीक पाणीदार फोडांचा पुंजका उठतो. सगळे म्हणतात, उष्णता झालीय, सब्जा पी! डॉक्टरांनी मात्र बजावलंय, चुरचुर जाणवताच असायक्लोव्हिर या विषाणूरोधक औषधाचं मलम लावायचं. फोड पूर्ण आल्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

आणि हे सांसर्गिक आहे, त्याबद्दल लेखात अवाक्षर नाही. फोड असताना उष्टा ग्लास, टॉवेल, लिपस्टिक कुणाला देऊ नये, फोडाला लागलेला हात डोळ्याला लावू नये. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तान्ह्या बाळाचा पापा घेऊ नये. हा संसर्ग नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकतो. आपल्याकडे बारशाला बाळ या हातातून त्या हातात फिरतं, जो तो गालाला ओठ लावतो, आणि आईला नाही म्हणायची चोरी. लेखात कृपया एवढी भर घालाच.