किडनीला भाव नको, पण बुडालेली कमाई तरी द्या

आज सकाळी शाळेच्या ग्रुपवर एका मित्राने ज्ञान पाजळलं. किडनीची खरेदी-विक्री कायदेशीर करून टाका म्हणे. गरिबाला पैसे, रुग्णाला किडनी, सगळे खूश. वर धडाधड अंगठे. डोकंच फिरलं माझं.

माझ्या वहिनीने दादाला किडनी दिली, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. तेव्हा पैशांचा व्यवहार तर नाही ना हे बघायला, परवानगी देणाऱ्या साहेबांनी कॅमेरा लावून तिची मुलाखत घेतली होती. लग्नाचा दाखला, लग्नातले फोटो, सगळं मांडून बसलो होतो. "कुणी पैसे कबूल केलेत का?" असं विचारल्यावर वहिनी म्हणाली, "नवऱ्याकडून काय घेणार साहेब? त्यांचं पाकीट माझ्याच कपाटात असतं." साहेबही हसले. त्यांनी विचारलं ते बरोबरच होतं, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. या सगळ्यात सर्जनला पैसे मिळाले, भूल देणाऱ्याला मिळाले, लॅबला, औषधाच्या दुकानाला, अगदी पार्किंगवाल्यालासुद्धा. जिने अवयव दिला तिला काय? तिचे डबे बंद पडले! दादा डायलिसिसवर असताना घर तिच्या पोळी-भाजीच्या डब्यांवर चाललं होतं. ऑपरेशननंतर जड उचलायचं नाही म्हटल्यावर कणीक कोण तिंबणार? गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली, ती गेलीच.

मग द्यायचा का किडनीला भाव? अजिबात नाही. एकदा भाव फुटला की सावकार दारात येऊन म्हणणार, दोन आहेत ना? आधी दागिने, मग शेत, मग किडनी. चेन्नईकडे किडनी विकलेल्या 305 जणांची पाहणी 2002 साली छापून आली होती. जवळजवळ सगळ्यांनी कर्ज फेडायला विकली होती, आणि चारातले तीन तरीही कर्जातच होते. ग्रुपवरचे अर्थतज्ज्ञ यावर गप्प.

हो, इराणमध्ये कायदेशीर आहे, माहितीये. तिथली किडनीसाठी थांबलेल्या रुग्णांची रांग कमी झाली म्हणतात. झाली असेल. विकायला कोण येतं तेही सांगा की मग. बंगल्यातला मुलगा येतो का?

माझा खरा राग वेगळाच आहे. आपल्या 1994 च्या अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात अवयवाचे पैसे घेणं गुन्हा आहे, पण त्याच कायद्यानुसार दात्याचा खर्च आणि बुडालेली कमाई भरून देणं गुन्हा नाही. तिथेच लिहिलंय! मग ती भरून देणारी व्यवस्था कुठे आहे? केंद्र सरकारी कर्मचाऱ्याने अवयव दिला तर 2023 पासून 42 दिवसांपर्यंत विशेष रजा मिळते. छान आहे, मिळायलाच हवी. डबे करणाऱ्या बाईने रजेचा अर्ज कुणाकडे द्यायचा? गॅसच्या शेगडीकडे?

आणि आपल्याकडे जिवंतपणी देणाऱ्यांत बायकाच जास्त, घेणाऱ्यांत पुरुष. यावर वेगळं लिहीन, आत्ता लिहिलं तर शिव्याच बाहेर पडतील.

वहिनीला हे सगळं बोलून दाखवलं तर ती म्हणते, "अगं, माणूस डोळ्यांदेखत सुकत चालला होता, तेव्हा हिशोब सुचतो का?" नाही सुचत. तिला सुचू नये हेही बरोबर. पण तो हिशोब दुसऱ्या कुणीतरी ठेवायला हवा ना! सरकारने काही महिन्यांची कमाई, आयुष्यभराच्या तपासण्या आणि विमा एवढं दिलं तर त्याला कुणी बाजार म्हणणार नाही. कुणी खोट्या पावत्या लावेल म्हणाल, तर लावेल. म्हणून खऱ्या बाईलाही द्यायचं नाही?

दादाची क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट चालतेय का ते सांगणारी रक्ताची तपासणी, न चुकता होते, फाइल जाडजूड झाली आहे. वहिनीची फाइलच नाही. तिचं बीपी शेवटचं कधी बघितलं, घरात कुणाला आठवत नाही.

दादा ही पोस्ट वाचून चिडणार आहे, घरचं चव्हाट्यावर कशाला म्हणून. चिड बाबा. पण सोमवारी तुझ्या तपासणीला जाशील तेव्हा तिचंही रक्त तपासायला दे, आणि पैसे तुझ्या पाकिटातून भर.