सोमरस, दादा आणि पोर्टलंडचा फॉर्म

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाशिकच्या दादाने पुन्हा तेच टाकलंय: ऑरेगनमध्ये लोक मशरूम घेऊन देव बघतायत, म्हणजे अमेरिकेला आपला सोम आत्ता सापडला. खाली नमस्कारांची रांग. एका मामांनी 'गांजेकस मेले' एवढंच लिहिलं. ते निदान प्रामाणिक.

दादा, सोम म्हणजे मशरूम हे ऋषींनी नाही, वॉसन नावाच्या न्यूयॉर्कच्या बँकवाल्याने सांगितलं, 1968 साली. त्याने बोट दाखवलं ते पांढऱ्या ठिपक्यांच्या लाल छत्रीकडे. इथे ऑरेगनमध्ये देतात त्या मशरूममधलं भास घडवणारं द्रव्य, सायलोसायबिन, तिच्यात नसतंच. हाच वॉसन 1955 मध्ये मेक्सिकोतल्या वाउत्ला गावी मारिया साबिनाच्या रात्रीच्या विधीला बसला. ती बाई आजारी माणसांसाठी हे करायची. 1957 मध्ये त्याने 'लाइफ' मासिकात लिहिलं, मग परदेशी पोरांची रीघ लागली, पोलीस आले, तिचं घर जाळलं गेलं. उचललंच असेल कोणाचं तर तिचं. (हे सगळं ग्रुपवर लिहिलं आणि पुसलं.)

इथे हे मशरूम कायद्याने देण्यासाठी 2020 मध्ये मतदान झालं, 2023 मध्ये सेंटरं उघडली. एकवीस वर्षं पूर्ण हवीत, आधी तयारीची बैठक, मग परवाना असलेला फॅसिलिटेटर तासन्‌तास शेजारी बसून. घरी न्यायला एक तुकडाही मिळत नाही. खर्च हजार डॉलरच्या वर सहज जातो. यावर दादा हसणार. त्र्यंबकेश्वरला विधी फुकट होतात का रे?

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने 2006 मध्ये सायलोसायबिनचा 36 जणांवरचा प्रयोग छापला. 22 जणांना त्यांच्या मोजपट्टीवर पूर्ण गूढ अनुभव आला. आणि 11 जण जबर घाबरले, हेही त्याच निबंधात छापलं. आपल्याकडे पोचलेल्यांची चरित्रं निघतात, घाबरलेल्यांची मोजदाद कोण ठेवतं? हा मुद्दा मला फार आवडतो. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत दोनदा ऐकवून झालाय.

गेल्या ऑक्टोबरात मी स्वतः तयारीच्या बैठकीला गेलो. लोकरीचे मोजे घातलेली बाई, पाऊस, हर्बल टी. लिथियमच्या गोळ्या घेता का? कधी सायकोसिस? घरात कोणाला?

मी म्हटलं, नाही.

2003 च्या सिंहस्थात अण्णाकाका तपोवनात साधूंच्या चिलमीला बसले ते घरी येईनात. आणलं तर आठवडेच्या आठवडे झोप नाही. गोदावरी आपल्याशी बोलते म्हणायचे. आजी म्हणाली, पोचला माझा अण्णा. गल्लीतले लोक पाया पडायला यायचे, मीही पडलो. डॉक्टर उजाडायला चार वर्षं लागली. आजाराला नाव मिळालं, पण आमच्याकडे ते आजवर कोणी तोंडातून काढलेलं नाही. आता गोळ्या घेतात, कधी घेत नाहीत, गॅलरीत बसून असतात. अण्णाकाका म्हणजे दादाचे वडील.

पुढची तारीख मी रद्द केली. सेंटरला कारण कळवलं, व्हिसा. खोटं नाही ते. राज्याने दिलं तरी फेडरल कायद्यात अजून बंदीच आहे, आणि मी अकरा वर्षं ग्रीन कार्डाच्या रांगेत. इथल्या नागरिकाला मिळतो तो साक्षात्कार मला परवडत नाही. बायकोलाही हेच सांगितलं.

रविवारी दादाचा फोन आला. नेहमीचा चढा आवाज नव्हता. "अण्णा परत गोळ्या थुंकतायत. तुमच्याकडे ते मशरूमचं निघालंय, त्यांना चालेल का रे? विचारून बघशील?"

त्याच्या पोस्टी मी किती दिवस वाचतोय. बैठकीतला तो प्रश्न मराठीत कसा सांगायचा ते मला सुचेना. म्हटलं, "दादा, आम्हा व्हिसावाल्यांना तिकडे जाता येत नाही. पण बघतो कोणाला तरी विचारून."