शेंडे मोडलेल्या भेंड्या

आज सकाळी दूधवाल्या मामांनी माझ्या पाचही भेंड्यांचे शेंडे मोडले. झाडावरच! मंडईत गिऱ्हाईक ढिगाशी उभं राहून मोडतं तसे, कट् कट्.

पोरं स्वतः पिकवलेलं आवडीनं खातात, असं जो तो सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं सहा ते नऊ वर्षांच्या मुलानं दिवसाला निदान ३५० ग्रॅम भाज्या-फळं खावीत. आमचे चिरंजीव पोह्यातली कोथिंबीरसुद्धा वेचून काढतात. म्हणून परसात हा वाफा. बी टोकल्यावर भेंडी लागायला दीडेक महिना जातो, तो मी मावा-तुडतुड्यांवर निंबोळी अर्क मारत काढला. आणि आता हे.

"मामा, काय केलंत हो?"

"कवळी हाय का बघितलं, वैनी. हाय कवळी."

"पण झाडावर आहे ती!"

"मग? झाडावर जून हुत न्हाई व्हय? दोन दिस ऱ्हायली की निस्ता दोरा."

हे खरं होतं, म्हणून जास्तच राग आला.

मामांनी किटली कट्ट्यावर टेकवली. "हितं ऊस का लावला न्हाईसा?"

"एवढ्याशा जागेत?"

"चार कांडी निघाली तर काय वंगाळ? पोरगं उसाला नको म्हणंल व्हय?"

कोल्हापुरात कुणाला हातभर माती दाखवा, त्याला ऊसच दिसतो.

एवढ्यात चिरंजीव आले. "खा रं, भेंडीनं गणित येतंय."

"मामा, तुम्हाला येतं?"

"येतंय की!"

येतंच. दर महिन्याच्या बिलात अर्धा लिटर जादा निघतं, ते काय उगाच?

मामांनी एक भेंडी तोडून कचाकचा खाल्ली. चिरंजीवांनी दुसरी. कच्ची, न धुता! उरलेल्या तीन मी रात्री कूट घालून परतल्या, तर "चिकट आहे" म्हणून ताटली सरकवली.

आणि बाबा? तांबड्या रश्श्यात भाकरी कुस्करता कुस्करता म्हणाले, "भाजी खावी रे." या माणसानं दोडका खाल्लेला पोरानं जन्मात बघितलेला नाही. पण वाफे खणायचे आईनं, अर्क मारायचा आईनं आणि पोरगं खात नाही हा दोषही आईचाच.

सासूबाई म्हणतात, मामांनाच सांग रोज भरवायला. सांगते. तेही बिलात लावतील.