पट्टा आणि पिशवी एवढ्यावर भागत नाही

आरव्हीतून, म्हणजे आत राहता येईल अशा घरासारख्या गाडीतून, कुत्र्याला घेऊन प्रवास करण्याबद्दलच्या लेखात पट्टा आणि विष्ठेची पिशवी या दोनच गोष्टींवर भर आहे. त्या हव्यातच. पण आरव्ही पार्कमध्ये, म्हणजे या गाड्या मुक्कामाला लावतात तिथे, शेजाऱ्यांना खरा जाच होतो तो मागे एकट्या ठेवलेल्या कुत्र्याच्या भुंकण्याचा, आणि आपण बाहेर असल्यामुळे आपल्याला तो कळतही नाही. ॲरिझोनात शेजारच्या आजींनी संध्याकाळी येऊन हळूच सांगितलं, "तुमचं कुत्रं दुपारभर रडत होतं." फार वाईट वाटलं. तेव्हापासून निघण्याआधी त्याला चांगलं दमवून आणते, पडदे ओढते आणि दारावर माझा फोन नंबर चिकटवते.

उन्हाळ्यात एसीच्या भरवशावर तर कुत्र्याला आत ठेवून जाऊच नका. दुपारी सगळ्यांचे एसी एकदम चालले की व्होल्टेज पडतं, 30 अँपिअरचा ब्रेकर ट्रिप होऊन गाडीची वीज जाते आणि आतली हवा काही मिनिटांत भट्टीसारखी तापते. बिचारा जीव कोणाला सांगणार?

नॅशनल पार्कला जाणाऱ्यांसाठी: तिथे पट्टा 6 फुटांपेक्षा लांब चालत नाही. यलोस्टोनमध्ये पायवाटांवर कुत्रं नेताच येत नाही, तेव्हा घरातल्या एकाने त्याच्याजवळ थांबायचं हे आधीच ठरवा. आम्ही पाळी लावतो.