मांजराला तापाची गोळी देऊ नका: त्या सात मुद्द्यांना उत्तर

परवा रात्री दहाच्या पुढे मावशीचा फोन आला. तिच्या मनीचं नसबंदीचं ऑपरेशन त्याच दिवशी सकाळी झालं होतं. मनी अंग चोरून कोपऱ्यात बसली होती, खात नव्हती. मावशी म्हणाली, "अगं, तिला दुखत असणार. त्या मेसेजमधल्यासारखी पॅरासिटामॉलची पाव गोळी देऊ का? तोडून ठेवलीय." मी फोनवर अक्षरशः ओरडले. नंतर तिची माफी मागितली, पण हात बराच वेळ थरथरत होते.

तो मेसेज मला त्याआधी तीन जणांकडून आला होता आणि तिन्ही वेळा मी काही न बोलता पुसून टाकला. ती माझी चूक. 'जनावरांचे डॉक्टर तुमच्यापासून काय लपवतात' असं त्याचं शीर्षक, खाली सात मुद्दे आणि शेवटी 'प्रत्येक प्राणीप्रेमीला पाठवा'. कुणी लिहिलाय, त्याचा पत्ता नाही. मुद्दे क्रमाने घेत नाही. ज्याने जीव जाऊ शकतो तो आधी.

पाचवा मुद्दा: 'ऑपरेशननंतर डॉक्टर देतात ते औषध म्हणजे माणसांचीच गोळी. घरातली पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे तोडून द्या.'

मांजराला पॅरासिटामॉलची सुरक्षित मात्राच नाही. वजन कितीही असो, गोळी कितीही बारीक तोडा. आपलं यकृत हे औषध ज्या मुख्य वाटेने निकामी करून बाहेर टाकतं, ती वाट मांजरात जवळजवळ बंद असते, कारण त्यासाठी लागणारं एन्झाइम त्यांच्यात नीट तयारच होत नाही. मग औषध दुसऱ्या वाटेला लागतं आणि त्यातून विषारी घटक तयार होतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनवर घाला घालतो. रक्त ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं आणि तपकिरी पडतं. हिरड्या निळसर-तपकिरी दिसतात, चेहरा आणि पंजे सुजतात, मांजर धापा टाकायला लागतं. पाचशे मिलिग्रॅमची एक साधी गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते.

कुणी आधीच दिली असेल तर लक्षणं दिसायची वाट बघू नका. गोळीचं पाकीट सोबत घ्या आणि तडक दवाखान्यात जा. ॲसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे आणि तो लवकर मिळाला तर मांजर वाचू शकतं.

मेसेजमधलं अर्धसत्य मान्य करते. काही औषधं माणसांना आणि प्राण्यांना दोघांनाही चालतात. मेलॉक्सिकॅम त्यातलंच. कुत्र्यांना तर कधीकधी डॉक्टर स्वतः पॅरासिटामॉलही देतात. पण मात्रा, किती तासांनी, मूत्रपिंड कसं आहे, हे बघून देतात. आयब्युप्रोफेन मात्र कुत्रा असो की मांजर, घरातून देऊच नका. पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं जातात. आणि मनीला डॉक्टरांनी दुखण्याचं इंजेक्शन दिलेलंच होतं. 'काही वाटलं तर रात्रीही फोन करा' असं सांगितलंही होतं. मावशीने मेसेज उघडला, फोन केला नाही.

आता पहिला आणि तिसरा मुद्दा एकत्र. 'भूल दिलेला प्राणी उठेलच याची खात्री नाही, म्हाताऱ्याला तर कधीच देऊ नका' आणि 'आधीची रक्त तपासणी फक्त बिल वाढवायला असते.' या दोन वाक्यांचं एकमेकांशीच पटत नाही.

ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात ११७ दवाखान्यांतून भूल दिलेल्या प्राण्यांची नोंद ठेवली गेली. ९८ हजारांहून जास्त कुत्रे आणि ७९ हजारांहून जास्त मांजरं. २००८ साली निष्कर्ष छापून आले. निरोगी कुत्र्यांत भुलीमुळे साधारण १,८५० मागे एक मृत्यू, निरोगी मांजरांत साधारण ९०० मागे एक. म्हणजे धोका शून्य नाही आणि माणसांपेक्षा जास्त आहे, हे कबूल. वय वाढलं की तो वाढतो, हेही त्यात दिसलं. पण त्याच अभ्यासात आधीपासून आजारी असलेल्या प्राण्यांचा आकडा बघा: कुत्र्यांत ७५ मागे एक, मांजरांत ७१ मागे एक. तुमचा प्राणी या दोनपैकी कुठल्या गटात आहे, ते बाहेरून बघून नेहमीच कळत नाही. म्हणून डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतात, म्हणून रक्त काढतात. ज्याला भुलीची भीती वाटते त्याने तपासणी मागून घ्यायला हवी. हा मेसेज नेमकी तीच टाळायला सांगतो.

त्या ब्रिटिश अभ्यासातली अजून एक गोष्ट लोकांना माहीत असायला हवी. भुलीशी संबंधित मृत्यूंपैकी कुत्र्यांत जवळपास निम्मे आणि मांजरांत निम्म्याहून जास्त ऑपरेशन संपल्यावर झाले, आणि त्यातले बरेचसे पहिल्या तीन तासांत. तेव्हा डॉक्टरांना काही विचारायचंच असेल तर हे विचारा: शुद्धीवर येईपर्यंत त्याच्याजवळ कोण बसणार आहे? अंग गरम कसं ठेवणार? हे प्रश्न विचारायला संकोच करू नका.

दुसरा मुद्दा वाचून मी थक्क झाले. 'दात साफ करायला भूल कशाला? घरीच धारदार स्केलर आणा, दोघांनी धरा आणि कीटण खरवडून काढा.'

कुत्र्याला ४२ दात, मांजराला ३०. दुखणं असतं हिरडीच्या खाली, मुळांभोवती, आणि तिथे जाग्या प्राण्याच्या तोंडात कुणाचाही हात पोचत नाही. आतली बाजू तर दिसतही नाही. खरवडून दात पांढरा दिसतो आणि मालकाला वाटतं झालं काम. आत पू तसाच. वर खरवडलेल्या दातावर बारीक चरे पडतात, पॉलिश केलं नाही तर त्यात नवा थर आणखी लवकर बसतो. भुलीखाली श्वासनळीत नळी घातलेली असते, त्यामुळे पाणी आणि कीटणाचे कण फुप्फुसात जात नाहीत. एक्स-रे काढता येतो, आणि मांजरांच्या बाबतीत तो फार महत्त्वाचा. त्यांचे दात कधीकधी मुळापासून झिजत, विरघळत जातात आणि एक्स-रेशिवाय त्याचा पूर्ण अंदाज येत नाही. असं मांजर दुखत असतानाही खात राहतं. कुत्र्याच्या डोळ्याखाली अचानक सूज आली, तर पुष्कळदा ती वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी साठलेल्या पुवाची असते. ती स्केलरने काय बरी होणार? भूल न देता दात खरवडण्याला अमेरिकन व्हेटर्नरी डेंटल कॉलेज या प्राण्यांच्या दंततज्ज्ञांच्या संस्थेचाही विरोध आहे. आणि आपल्याच माणसांनी दाबून धरून तोंडात पोलादी अवजार फिरवलेला कुत्रा पुढे कुणाला तोंडाला हात लावू देईल? रोज ब्रश करा, त्याचा उपयोग होतो. पण पेस्ट माणसांची नको. काही पेस्टमध्ये झायलिटॉल हे गोड द्रव्य असतं, ते कुत्र्यांना विषारी आहे.

चौथा: 'एकदा पिल्लं होऊ द्या, मगच नसबंदी करा.' यात तब्येतीचा काहीही फायदा नाही. उलट वाट बघितली की गर्भाशयात पू होण्याचा धोका दर माजागणिक वाढतो. स्वीडनमधल्या विमा उतरवलेल्या कुत्र्यांच्या नोंदींत, दहा वर्षांची होईपर्यंत साधारण चौघींपैकी एकीला हा आजार झालेला दिसला. माजानंतर काही आठवड्यांनी ती भरपूर पाणी प्यायला लागते, मलूल होते, आणि मग जे ऑपरेशन निवांत करता आलं असतं ते आजारी शरीरावर रात्री घाईने करावं लागतं. ७५ मागे एकचा गट तो हाच. लवकर नसबंदीने स्तनाच्या गाठी टळतात असेही मोठे आकडे सांगितले जातात, पण २०१२ साली झालेल्या संशोधनांच्या आढाव्यात तो पुरावा कमकुवत ठरला, म्हणून मी ते इथे देत नाही.

सहावा: 'नसबंदीने लठ्ठ होतात, सांधे जातात.' अर्धं खरं. शरीराची गरज कमी होते आणि भूक वाढते, म्हणून वाटीत कमी घालायचं. सांध्यांचं म्हणाल तर गोल्डन रिट्रीव्हरसारख्या मोठ्या जातींत वर्षाच्या आत नसबंदी केली तर त्रास जास्त आढळला आहे. अशा जातीचं पिल्लू असेल तर कधी करायची ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. लहान जातींत असा फरक दिसलेला नाही.

सातवा: 'कॉलर काढून टाका, लाळेत औषध असतं.' कॉलर म्हणजे जखम चाटता येऊ नये म्हणून ऑपरेशननंतर गळ्यात घालतात ती. जीभ खरखरीत असते आणि तोंडात जंतू असतात. चाटून चाटून टाके उसवतात, जखम चिघळते.

मावशीने तीही काढून ठेवली होती. फोन चालू असतानाच मी तिला ती मनीच्या गळ्यात परत घालायला लावली, गोळीचा तुकडा टाकून द्यायला लावला आणि डॉक्टरांना फोन करायला सांगितलं. त्यांनी उचलला. भुलीनंतर पहिल्या रात्री मांजर कमी खातं, सकाळपर्यंत बघा, हिरड्या गुलाबी आहेत का तेवढं आता सांगा, म्हणाले. मावशीने टॉर्च लावून बघितलं. गुलाबी होत्या.