दहा टक्के

परवा घरच्या ग्रुपवर कुठल्याशा एन्काउंटरची बातमी आली. मावशीने पेढ्यांचा फोटो टाकला. दादाने लिहिलं, ‘‘पंधरा वर्षं तारखा पडल्या असत्या. एका रात्रीत निकाल!’’ मी इथे, नेदरलँड्समधल्या हेगला, ९ नंबरच्या ट्राममध्ये होतो. स्खेवेनिंगेन येईपर्यंत तीन उत्तरं लिहिली, तिन्ही खोडली.

मी आंतरराष्ट्रीय फौजदारी कायदा शिकवतो. तारखांवरच माझं पोट आहे. बोस्नियातल्या स्रेब्रेनिकात जुलै १९९५मध्ये आठ हजारांवर पुरुष आणि पोरं मारली गेली. बोस्नियन सर्बांचा सेनापती म्लादिच सापडला २०११मध्ये, जन्मठेप झाली २०१७मध्ये, अपील फेटाळलं २०२१मध्ये. सव्वीस वर्षं. पण आज ‘असं घडलंच नाही’ म्हणणाऱ्यापुढे साक्षी, कबरींचे अहवाल, टेप केलेली संभाषणं ठेवता येतात. हैदराबादेत २०१९मध्ये बलात्कार-खुनाच्या चार आरोपींना पोलिसांनी मारलं तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. पुढे आपल्याच निवृत्त न्यायमूर्ती सिरपूरकरांच्या आयोगाने सांगितलं, गोळ्या ठार मारण्याच्या हेतूनेच झाडल्या होत्या. वाटलेले पेढे काही परत येत नाहीत.

शेवटी हे सगळं टाकलंच. वर आणखी ऐकवलं, की इथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये स्रेब्रेनिकात डच शांतिसैनिकांच्या तळावर आसरा घेतलेल्या सुमारे ३५० जणांच्या बाबतीत डच सरकारलाच दहा टक्के जबाबदार धरलं.

दादा म्हणाला, ‘‘दहा टक्के? जबाबदारी आहे की दिवाळी सेल?’’

राग आला, कारण वर्गात मीही हेच म्हणतो, जरा सभ्य शब्दांत.

आणि त्याच वर्गात, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्यातून उभं राहिलं त्या रोम करारात भारत का नाही असं कुणी विचारलं की माझी मान ताठ होते. सुरक्षा परिषदेला दिलेले अधिकार, बंदी असलेल्या शस्त्रांच्या यादीतून वगळलेली अण्वस्त्रं, दुसऱ्या महायुद्धानंतर टोकियोतल्या खटल्यात भारतीय न्यायाधीश राधाबिनोद पालांनी एकट्याने सगळ्या जपानी आरोपींना दिलेलं निर्दोषत्व. सगळं खरं. गेल्या वर्षी बोस्नियाची एक विद्यार्थिनी शांतपणे म्हणाली, ‘‘आणि तुमची मुंबई?’’ १९९२-९३च्या दंगलींवरचा श्रीकृष्ण आयोग, अहवाल १९९८, सुमारे ९०० मृत, असं मी भराभर सांगितलं. शिक्षा किती झाल्या, हे तिने विचारायच्या आत तास संपवला.

जानेवारी १९९३मध्ये मी अकरा वर्षांचा होतो. चाळीतले शेजारचे बेकरीवाले एका रात्रीत निघून गेले. बाबांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. स्रेब्रेनिकाचे साक्षीदार मला क्रमांकानिशी पाठ आहेत, या माणसांचं आडनाव आठवेना. दादालाच विचारलं.

दोन निळ्या टिक दिसल्या. बऱ्याच वेळाने उत्तर आलं, ‘‘आडनाव नाही आठवत. पण त्यांची खोली नंतर बाबांनी घेतली ना? तू दहावीचा अभ्यास तिथेच केलास.’’